समुद्राचा बांध आणि दप्तरांतील कागद

समुद्राचें पाणी वादळांत किती चढतें, आणि तें अडवावयास बांध किती उंचीचा घालावा, हा विषय इंजिनियरांचा. तो या त्रैमासिकांत कशास, असें वाचक विचारतील. त्यांतही लेखक अमळनेरचा, म्हणजे बोरीच्या कांठचा. आमच्या बोरीचें पाणी तापींत जातें आणि तापी सुरतेपलीकडे समुद्रास मिळते, एवढाच आमचा समुद्राशीं संबंध. परंतु किनाऱ्याच्या संरक्षणाविषयीं सरकारी अभ्यास जे होतात त्यांचे वृत्तान्त मिळतील तेथून वाचण्याची संवय आम्हांस सेवानिवृत्तीनंतर जडली, आणि त्या वाचनावरून आमचें असें मत झालें आहे कीं, या अभ्यासाच्या मुळाशीं जे दोन प्रश्न आहेत ते दोन्ही कागदपत्रांवांचून सुटणारे नाहींत. पूर्वीं पाणी कोठवर आलें होतें, हा एक. आणि बांध फुटला तर तो कोणीं बांधावयाचा, हा दुसरा. दोहोंचीं उत्तरें शोधावयाचीं तर जुन्या दप्तरांकडे वळावें लागतें, आणि दप्तरें जमविणारे लोक म्हणजे या त्रैमासिकाचे वाचक.

प्रथम पाण्याची गोष्ट. भरती-ओहोटी चंद्रसूर्यांच्या आकर्षणानें होते व तिचें गणित आधीं मांडून ठेवतां येतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी, तिला कोंकणांत उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास ती लहान, तिला भांग म्हणतात. वादळांत चढणारें पाणी याहून निराळें. वादळाच्या गर्भांत हवेचा दाब उतरतो, आणि दाब एक मिलिबारनें उतरला कीं समुद्राची पातळी अदमासें एक सेंटिमीटरनें वर येते. हा भाग लहान. खरा जोर वाऱ्याचा. उथळ समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी पुढें लोटतो. खालून परत जावयास त्या पाण्यास खोली नसते. म्हणून तें किनाऱ्यापाशीं साचत जातें, आणि खाडीच्या निमुळत्या भागांत शिरलें म्हणजे आणखीच चढतें. यास आम्ही या लेखांत वादळी उधाण म्हणूं. बंगालच्या उपसागराचें शिर उथळ व अरुंद, म्हणून तेथें याचा कहर होतो. १२ नोव्हेंबर १९७० च्या वादळांत पूर्व बंगालमध्यें तीन लक्षांवर माणसें गेलीं असा अंदाज आहे, आणि तीं बहुतेक पाण्यानेंच गेलीं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशीं वादळें थोडीं येतात. परंतु नोव्हेंबर १८५४ मध्यें व नोव्हेंबर १९४८ मध्यें तीं मुंबईवर आलीं, आणि ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून गेलें, हें पुष्कळांस स्मरत असेल.

संस्कृतज्ञांस येथें एक शब्द आठवेल. कोशकार 'वेला' या शब्दाचे अर्थ समुद्राचा कांठ, समुद्राच्या पाण्याची चढ-उतार, काल आणि मर्यादा असे देतात. हे चार अर्थ एकाच शब्दांत यदृच्छेनें आले असें वाटत नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळी आजही तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीचा तास येतो: अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, पौर्णिमेस सव्वाअकरा. रीत ढोबळ खरी, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानें ती बरोबर उतरते. आतां 'निसर्ग' वादळास ती लावून पाहूं. त्या दिवशीं ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. म्हणजे सकाळची भरती नऊ-दहाच्या सुमारास पूर्ण झालेली. वादळ किनाऱ्यावर चढलें तें दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे पाणी उतरत असतांना. तेंच वादळ तीन-चार तास आधीं आलें असतें तर चढलेल्या भरतीवर वादळी उधाणाची भर पडली असती.

यांतून आमच्या वाचकांच्या उपयोगाची गोष्ट ही कीं, जुन्या कागदांतील तिथि इंजिनियरास इंग्रजी तारखेहून अधिक सांगते. तारखेवरून चंद्र कोठें होता तें गणितानें काढावें लागतें. तिथि म्हणजे चंद्रच. एखाद्या पत्राच्या कडेस 'अमावास्येस तुफान होऊन बांध गेला' एवढेंच असलें तरी भरतीची अवस्था त्यांत आपोआप नोंदली गेली.

असल्या नोंदींची किंमत कां, तें बांधाची उंची कशी ठरते हें पाहिलें म्हणजे कळेल. सर्वांत मोठ्या भरतीची पातळी, तीवर वादळी उधाणाची चढ, तीवर लाटांची धांव, आणि आतां समुद्राची पातळीच वाढत असल्यानें तिचीही भर, अशी ही बेरीज असते. यांतील वादळी उधाणाचा आंकडा ठरवितांना 'शंभर वर्षांतून एकदां येईल एवढें' अशा भाषेंत विचार करतात. पण शंभर वर्षांतून एकदां काय येतें हें जाणावयास शें-दोनशें वर्षांच्या नोंदी हव्यात. मुंबईच्या भरतीमापक यंत्राच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, आणि हिंदी महासागराच्या कांठीं इतक्या जुन्या नोंदी फारच थोड्या ठिकाणीं सांपडतात. त्यामागचा काळ म्हणजे कागदांचा काळ.

आणि कागदांच्या काळांत खोटे कागदही असतात, हें या मंडळींस सांगावयास नको. मुंबईवर जून १८८२ मध्यें वादळ कोसळून एक लक्ष माणसें मेलीं, अशी नोंद जगांतील प्राणघातक वादळांच्या अनेक याद्यांत दिसते. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठ माणसांत एक मनुष्य एका दिवसांत गेला असें मानावें लागेल. असा प्रलय झाला असता तर वृत्तपत्रें, नगरपालिका, बंदरखातें, घरोघरचीं पत्रें, सर्व त्यानें भरून गेलीं असतीं. तत्कालीन वृत्तपत्रांत त्याचा मागमूस नाहीं. अमिताव घोष यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द ग्रेट डिरेंजमेंट' या ग्रंथाच्या निमित्तानें या गोष्टीची चर्चा झाली, आणि तें वादळ घडलेंच नाहीं असें आतां जाणकार मानतात. उलट १८५४ च्या वादळाचे तत्कालीन उल्लेख खरे आहेत; त्यांत सुमारें एक हजार माणसें गेल्याचें म्हटलें आहे. एका यादींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत असा आंकडा उतरत जातो आणि शेवटीं त्यास प्रामाण्य येतें, हा रोग आम्हांस बखरींच्या अभ्यासांत चांगला परिचित आहे. तेथें त्याचें फळ एखादी चुकीची वंशावळ एवढेंच. येथें मात्र त्या आंकड्यावर भिंतीची उंची बेतली जाण्याचा संभव असतो.

चांगली नोंद कशी असावी याचा नमुना पाहावयाचा तर गिरनारच्या शिळेकडे जावें. सुदर्शन तलावाचा बांध समुद्राचा नव्हे, पण वादळानें बांध फुटल्याचा इतका नेमका लेख आपल्या देशांत दुसरा आम्हांस ठाऊक नाहीं. महाक्षत्रप रुद्रदाम्याच्या त्या संस्कृत लेखांत वर्ष ७२ (इ. स. १५०, शेवटच्या एखाद्या वर्षाचा फरक अलाहिदा), मार्गशीर्ष बहुल प्रतिपदा ही तिथि आहे; कोणत्या नद्यांना पूर आला त्यांचीं नांवें आहेत; भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद व ७५ हात खोल पडलें हें माप आहे. पुढें तर आजच्या अहवालांत शोभेल असा मजकूर आहे. राजाच्या मतिसचिवांनीं व कर्मसचिवांनीं भगदाडाचा आकार पाहून काम होणें नाहीं असें ठरविलें, प्रजेनें आशा सोडली, आणि मग सुविशाख नांवाच्या पल्हव अमात्यानें तें काम पुरें केलें. खर्चासाठीं पौरजानपदांस कर, विष्टि व प्रणय यांनीं गांजलें नाहीं, असें राजा आवर्जून सांगतो. विष्टि म्हणजे वेठ. म्हणजे बांध पुन्हां घालण्याचा बोजा कोणावर, हा प्रश्न त्या काळींही राजास उत्तर द्यावें लागेल इतका जागता होता. तीनशें वर्षांनीं, गुप्त संवत् १३६ मध्यें, तोच बांध पुन्हां फुटला आणि स्कंदगुप्ताचा अधिकारी पर्णदत्त याचा पुत्र चक्रपालित यानें दुसऱ्या वर्षीं तो बांधून काढला. हाही लेख त्याच शिळेवर आहे.

समुद्राच्या बांधाचा जुना लेख हवा असेल तर गोव्याकडे वळावें लागतें. फोंड्याजवळ बांदिवडें येथें सांपडलेल्या मौर्य अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटांत 'खज्जन' हा शब्द आला आहे. हे कोंकणचे मौर्य. पट पांचव्या-सहाव्या शतकांतला मानतात. खारें पाणी शिरणारी ती जमीन प्रतिग्रहीत्यानें बांध घालून लागवडीखालीं आणावी असा त्याचा आशय आहे. आजचें 'खाजण' तें हेंच. शब्दानें दीड हजार वर्षें आपला अर्थ बदलला नाहीं, आणि जमीनही आपल्या जागीं आहे.

खाजणाची रचना समजून घेण्यासारखी आहे. खाडीच्या कडेनें चिखल, पेंढा व जांभा दगड यांचा बांध. बांधांत एक दार, त्यास गोव्यांत 'मानस' व रायगडाकडे 'उघाडी' म्हणतात. दाराची फळी बाहेरच्या अंगास उघडणारी. ओहोटीस आंतलें पावसाचें पाणी ती ढकलून निघून जातें; भरती चढूं लागली कीं बाहेरच्या पाण्यानें ती आपोआप मिटते. राखणदार असतो, पण मुख्य काम समुद्र स्वतःच करतो. आंत कोरगूटासारखें खारेपणा सोसणारें भात पिकतें, दारापाशीं मासळी मिळते, आणि त्या मासळीच्या लिलावाचे पैसे बांधाच्या डागडुजीस जातात. असा बांध नित्याच्या भरतीसाठीं असतो. मोठें वादळी उधाण त्यावरून जाईलही. परंतु वरून जाऊन उतरलेलें पाणी निराळें आणि बांध फोडून आलेलें पाणी निराळें. खेंकड्याच्या बिळाएवढें छिद्र वेळीं बुजविलें नाहीं तर प्रत्येक भरतीगणिक तें वाढतें, आणि एकदां खांड पडली कीं आंत मुरलेलें मीठ धुवून निघावयास कित्येक पावसाळे लागतात.

तेव्हां सर्व मदार वेळच्या वेळीं दुरुस्तीवर. ती कोणीं करावयाची हें गोव्यांत गांवकरी संस्थेनें ठरविलें होतें. १५२६ सालीं अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें गांवकऱ्यांच्या रूढींची सनद तयार केली. तींत पूर्वीं चार माणसांनीं ओसाड बेट लागवडीस आणून गांव वसविला व त्यांचे वंशज ते गांवकर, अशी हकीकत दिली आहे. बेट लागवडीस आणणें म्हणजे खाडीकांठीं बांध घालणें, हें भूगोल पाहिला कीं कळतें. गांवकीचीं जुनीं दप्तरें गोवेंकानडी व मोडी लिपींत आहेत. १९६४ च्या कुळकायद्यानंतर जमिनीचा हक्क कुळांकडे गेला. १९७५ च्या नियमांनीं बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कुळांस न्याय मिळाला याचें कोणास दुःख असूं नये. पण हक्क ज्या वेगानें हस्तांतरित झाला त्या वेगानें जुनी कर्तव्यें हस्तांतरित झालीं नाहींत, आणि कांहीं ठिकाणीं तर कोळंबीच्या लोभानें बांध मुद्दाम फोडले गेले. १९९२ सालीं सरकारी समितीनें गोव्यांतील खाजणांचा अभ्यास केला. त्यांचें क्षेत्र सुमारें १८,००० हेक्टर धरतात.

अलिबागकडे तीच गोष्ट दुसऱ्या वेषांत दिसते. आंग्र्यांच्या त्या मुलुखांत खारजमिनींचा 'शिलोत्र' नांवाचा प्रकार होता. बाहेरचा, म्हणजे समुद्राच्या अंगचा बांध शिलोत्रदारानें राखावयाचा व त्याबद्दल कुळांकडून ठरलेलें धान्य घ्यावयाचें. आंतले बांध कुळांनीं पाहावयाचे. अनेक ठिकाणीं धान्य मात्र वसूल होत राहिलें आणि बांधाकडे दुर्लक्ष झालें. याच खारेपाटांत चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला, तो जमीनदारीच्या जाचाविरुद्ध. पुढें १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारभूमीचा कायदा केला, १९४९ मध्यें त्यासाठीं मंडळ नेमलें, आणि १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें हें काम पुन्हां नव्यानें हातीं घेतलें. बांधाचा धनी आतां सरकार झालें. सरकारचा बांध म्हणजे कोणाचाच नव्हे, असें गांवोगांव ऐकूं येतें. आम्ही तें सर्वस्वी खरें मानीत नाहीं, पण ऐकूं येतें हें नोंदून ठेवणें भाग आहे.

खानदेशच्या वाचकांस यांत अपरिचित असें कांहींच नाहीं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील आमचे फडाचे बंधारे याच तत्त्वावर शतकानुशतकें चालले. पाट ज्याच्या शेतांतून जातो त्यानें गाळ काढण्यास माणूस द्यावयाचा, पाटकऱ्यानें पाणी वांटावयाचें, आणि फडांत कोणतें पीक घ्यावयाचें तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. विश्वेश्वरय्या तरुणपणीं सरकारी इंजिनियर म्हणून खानदेशांत आले व धुळ्याजवळ पांझरेच्या पाटाचें काम त्यांनीं केलें, तेव्हां ही व्यवस्था त्यांच्या डोळ्यांखालून गेली असली पाहिजे. गोड्या पाण्याचा बंधारा आणि खाऱ्या पाण्याचा बांध यांच्या वहिवाटींची तुलना कोणी अद्याप नीटशी केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणा तरुणानें तें काम अंगावर घ्यावें.

हल्लींच्या सरकारी अभ्यासांचा थोडक्यांत उल्लेख करतों. १९६६ सालीं हिंदुस्थान सरकारनें किनाऱ्याच्या धुपेचा विचार करण्यासाठीं मंडळ नेमलें, तें मुख्यतः केरळासाठीं. १९९५ मध्यें त्याचें रूपांतर किनारासंरक्षणाच्या सल्लागार समितींत झालें. भिंतीचें शास्त्रीय परीक्षण पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रांत होतें. ही संस्था मुंबई इलाख्यानें १९१६ सालीं स्थापिली. तेथें भिंतीची लहान प्रतिकृति पाण्याच्या लांब हौदांत ठेवतात, यंत्रानें लाटा सोडतात, आणि कोणत्या वजनाचा दगड हलतो व कोणता टिकतो तें पाहतात. २०१५ मध्यें मंजूर झालेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत महाराष्ट्र व गोवा आले, आणि खारें पाणी रोखणारे बंधारे हा तींतील एक भाग आहे. परदेशांतही हाच क्रम. हॉलंडांत १ फेब्रुवारी १९५३ च्या उधाणांत १,८३६ माणसें बुडालीं, तेव्हां सरकारनें समिति नेमून खाड्यांच्या मुखांशीं बांध व दारें घातलीं, आणि तें काम १९९७ पर्यंत चाललें. अमेरिकेंत टेक्ससच्या किनाऱ्यावर २००८ च्या 'आयक' वादळानंतर गॅल्व्हेस्टन उपसागराच्या मुखाशीं प्रचंड दारें बसविण्याचा विचार सुरू झाला, आणि लष्करी इंजिनियरांचा अंतिम अहवाल २०२१ सालीं निघाला. हॉलंडकरांस मात्र एक सोय होती. त्यांच्या गांवोगांवच्या जलसभा तेराव्या शतकापासून बांध राखीत आल्या आहेत, आणि त्यांचीं दप्तरें जपलेलीं आहेत.

आमच्याकडे तीं जपलेलीं नाहींत, आणि त्या पापांत आमचाही वांटा आहे. सुमारें तीस वर्षांमागें रायगड जिल्ह्यांतील खाडीकांठच्या एका घरीं पोथ्या पाहावयास आम्ही गेलों होतों. घरधन्यानें पोथ्यांबरोबर मोडी कागदांचा एक रुमालही पुढें ठेवला. चार-दोन बंद चाळले. वर तिथि, खालीं खांड इतके हात, माती टाकणारीं माणसें इतकीं, त्यांस भात इतकें, असा पानोपान मजकूर. हा चिखलाचा हिशेब आपल्या काय कामाचा, असें म्हणून आम्हीं रुमाल बांधून परत दिला, आणि दोन दिवस बसून पोथ्यांची यादी केली. त्या पोथ्यांत रघुवंश, अमरकोश, मुहूर्तग्रंथ असेंच सर्व होतें; दुर्मीळ असें एकही पान नव्हतें. पुढें या विषयाचें वाचन सुरू झाल्यावर त्या घरीं पत्र घातलें. घर विकलें गेलें होतें आणि कागद रद्दींत गेले होते. कोणत्या वर्षीं, कोणत्या तिथीस, किती हात बांध त्या खाडीवर फुटला, हें सांगणारा दुसरा कागद असेलच असें नाहीं. ती यादी आमच्याजवळ अद्याप आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति. कोंकण, ठाणें, गोवें येथील दप्तरांत 'खार', 'खाजण', 'शिलोत्र', 'खांड', 'उघाडी', 'बांधबंदिस्ती' हे शब्द दिसले तर तो कागद वेगळा काढावा, परंतु रुमालांतील त्याचा क्रम मोडूं नये. आधीं क्रमांक घालावा. तिथि जशी असेल तशीच उतरावी, आपण होऊन तारीख करूं नये. शकाचा अंक पुसट असेल तर संवत्सराचें नांव पाहावें. हात, बिघा, मण हीं मापें गांवोगांव निराळीं असतात, म्हणून त्यांचेंही रूपांतर करूं नये. सनदा, वतनपत्रें यांच्यापेक्षां हिशेबाचे बंद या कामीं अधिक मोलाचे, कारण सनद एकदांच लिहिली जाते आणि बांध दरवर्षीं बांधावा लागतो. ज्यांस मोडी वाचावयास सवड नसेल त्यांनीं असे बंद अथवा त्यांचीं छायाचित्रें त्रैमासिकाच्या पत्त्यावर आमच्या नांवें पाठवावीं. नक्कल करून मूळ कागद महिन्याच्या आंत परत करूं, टपालखर्च आमच्याकडे.